डाउनलोड नेमकं कुठे अडलं? विंडोज, मॅक, लिनक्स आणि मधली मंडळी

वायटी-डीएलपीसारखा डाउनलोडर एका संगणकावर निमूट चालतो आणि दुसऱ्या संगणकावर तीच लिंक दिली की लाल अक्षरांत कुरकुरतो. अशा वेळी बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो: सगळं काढून टाका, पुन्हा इन्स्टॉल करा. कधी कधी त्यानं भागतंही. पण काय बिघडलं होतं ते कळत नाही, त्यामुळे महिन्याभरात पुन्हा तेच रडगाणं सुरू होतं.

खरं तर आपण ज्याला ‘डाउनलोडर’ म्हणतो त्यात चार-पाच जण गुंतलेले असतात. वायटी-डीएलपी हा पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. साइटचं पान वाचून व्हिडिओच्या मूळ फाइलचा पत्ता काढायचा आणि ती उतरवून घ्यायची, एवढं त्याचं काम. चित्र आणि आवाज जोडायला तो एफएफएमपेगला बोलावतो. यूट्यूबच्या पानातलं जावास्क्रिप्टचं कोडं सोडवायला त्याला नोव्हेंबर २०२५ पासून डीनोसारखा वेगळा जावास्क्रिप्ट रनटाइमही, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, लागतो. लॉगिनशिवाय न दिसणाऱ्या व्हिडिओसाठी ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे लॉगिनची ओळख ठेवणाऱ्या छोट्या नोंदी, लागतात. तुम्ही टाइप केलेली ओळ त्याच्यापर्यंत शेल (कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल, झेडशेल, बॅश यांपैकी एक) पोचवतो आणि शेवटी फाइल ठेवून घेते ती फाइल सिस्टिम. तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमवर वायटी-डीएलपी जवळपास तोच असतो, बदलतात ती ही आजूबाजूची मंडळी. त्यामुळे ‘मॅकवर चालत नाही’ या तक्रारीतला आरोपी बहुतेक वेळा डाउनलोडर नसतोच.

बटणं-खिडक्या असलेले अनेक डाउनलोडर आतून हाच प्रोग्रॅम वापरतात. फरक इतकाच, की ते खरा एरर गिळून ‘समथिंग वेंट राँग’ एवढंच दाखवतात. तसलं काही वापरत असाल तर आधी त्याची लॉग फाइल शोधा, किंवा तीच लिंक टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, देऊन पाहा.

(या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजी कीबोर्ड.)

लिंक पोचते तरी का?

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक डाउनलोडर सुरू होण्याआधीच घडते, आणि तिची लक्षणं प्रत्येक सिस्टिमवर वेगळी दिसतात. यूट्यूबची प्लेलिस्टमधली लिंक घ्या. तिच्यात एक प्रश्नचिन्ह असतं आणि ‘लिस्ट’ शब्दाच्या आधी अँपरसँड, म्हणजे ‘आणि’चं चिन्ह. ही दोन्ही चिन्हं शेलच्या दृष्टीनं साधी अक्षरं नाहीत, हुकूम आहेत.

लिंक अवतरणचिन्हांशिवाय दिली, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर आधी एकच व्हिडिओ उतरतो आणि मग ‘लिस्ट इज नॉट रेकग्नाइज्ड’ असा निरोप येतो, कारण अँपरसँडनंतरचा भाग त्यानं दुसरी कमांड समजून चालवायला घेतला. विंडोज पॉवरशेल तर सुरुवातीलाच अँपरसँडला हरकत घेतो. मॅकवर २०१९ च्या कॅटॅलिनापासून झेडशेल हा मुख्य शेल आहे. तो प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘इथं कुठलंही एक अक्षर चालेल’ असा लावतो, तशा नावाची फाइल शोधतो आणि ‘नो मॅचेस फाउंड’ म्हणून हात वर करतो. लिनक्सच्या बॅशमध्ये सगळ्यात फसवा प्रकार होतो. तिथं एररच येत नाही. अँपरसँडमुळे काम पार्श्वभूमीला जातं, कंसात एक आकडा उमटतो, प्लेलिस्टचा भाग गळून पडतो आणि शंभर व्हिडिओंऐवजी एकच उतरतो. माणूस मग डाउनलोडरच्या प्लेलिस्ट सेटिंगमध्ये तासभर खणत बसतो.

उपाय तिन्हीकडे एकच: लिंक दुहेरी सरळ अवतरणचिन्हांत घाला. एकेरी चिन्हं मॅक-लिनक्सवर चालतात, कमांड प्रॉम्प्टवर नाही, म्हणून दुहेरीचीच सवय बरी. चिन्हं सरळ हवीत हेही महत्त्वाचं. चॅटमधून किंवा वर्ड प्रोसेसरमधून कमांड कॉपी केली की अवतरणं वाकडी होतात आणि दोन छोट्या डॅशची मिळून एक लांब डॅश होते. डोळ्यांना फरक जाणवत नाही, शेलला जाणवतो.

विंडोजवर आणखी एक खास खोड आहे. कमांड हातानं टाइप केली तर चालते, पण तीच बॅच फाइलमध्ये ठेवली की फाइलचं नाव विचित्र येतं. बॅच फाइलमध्ये टक्क्याचं चिन्ह व्हेरिएबलसाठी राखीव असतं, आणि डाउनलोडरला फाइलचं नाव कसं द्यायचं ते सांगणारा साचा तर टक्क्यानंच सुरू होतो. तिथं प्रत्येक टक्का दोनदा लिहायचा.

‘नॉट रेकग्नाइज्ड’ किंवा ‘कमांड नॉट फाउंड’ असं खुद्द डाउनलोडरच्याच नावानं आलं तर तो प्रश्न पाथचा. प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्या यादीला पाथ म्हणतात. कमांड प्रॉम्प्ट चालू फोल्डरमध्येही डोकावतो; पॉवरशेल, मॅक आणि लिनक्स डोकावत नाहीत. तिथं नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ द्यावी लागते. पाथ बदलल्यावर टर्मिनलची खिडकी बंद करून नवी उघडायची, कारण जुन्या खिडकीला बदल कळतच नाही.

पहिल्या दहा ओळी वाचा

लिंक नीट पोचत असेल आणि तरी अडत असेल, तर कमांडला ‘डॅश व्ही’ जोडा. त्यासरशी डाउनलोडर बोलका होतो. लोक एवढा मजकूर पाहून घाबरतात आणि शेवटची लाल ओळ तेवढी वाचतात. माझ्या मते खरा खजिना सुरुवातीच्या दहा ओळींत असतो.

पहिल्या ओळीत तुम्ही दिलेले पर्याय दिसतात. कॉन्फिग फाइल असेल तर तिच्यातलेही इथंच दिसतात, आणि दोन वर्षांपूर्वी कुठंतरी वाचून टाकलेला एखादा पर्याय आजही गुपचूप लागू होतोय, हे अनेकांना या ओळीतून पहिल्यांदा कळतं. ‘इग्नोर कॉन्फिग’ देऊन चाललं, तर दोषी सापडला. पुढे आवृत्तीची ओळ येते, आणि तिच्या शेवटी कंसात तुमची प्रत कुठून आली तेही असतं: विंडोजची एक्झी (थेट चालणारी एकच फाइल), पिप (पायथनचा पॅकेज-इन्स्टॉलर), की झिप. मग पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम. त्याखाली ‘एक्झी व्हर्जन्स’. इथं एफएफएमपेग आणि त्याचा जोडीदार एफएफप्रोब यांचे आकडे हवेत. ‘नन’ लिहिलं असेल तर तुम्ही कितीही शपथा घ्या, डाउनलोडरला एफएफएमपेग सापडलेलं नाही. जावास्क्रिप्ट रनटाइमचीही अशीच ओळ असते. आणि एक प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटच्या वाटेवरच्या मधल्या सर्व्हरची: ऑफिसच्या लॅपटॉपवर ती रिकामी नसेल, तर घरी चालणारी लिंक ऑफिसात का अडते याचं उत्तर तिथंच मिळतं.

जुनी आवृत्ती, आणि तिची लपलेली जुळी

वायटी-डीएलपीचा आवृत्ती क्रमांक म्हणजे तारीखच असते. २०२५.११.१२ म्हणजे १२ नोव्हेंबर २०२५. त्यामुळे तुमची प्रत किती शिळी आहे ते एका नजरेत कळतं. नव्वद दिवसांपेक्षा जुनी असेल तर ती स्वतःच सांगते. साइट आपली पानं सतत बदलतात आणि डाउनलोडरला मागोमाग पळावं लागतं, म्हणून ‘कालपर्यंत चालत होतं’ या तक्रारीचं पहिलं औषध अपडेट. एखादी साइट नुकतीच बदलली असेल तर ‘नाइटली’ नावाच्या रोजच्या आवृत्तीत दुरुस्ती आधी येते. जुन्या लेखांत अजून यूट्यूब-डीएल सापडतं. ते २००६ सालचं मूळ झाड. वायटी-डीएलपी ही त्याच वंशातली २०२१ मध्ये फुटलेली फांदी. यूट्यूब-डीएलची नेहमीच्या क्रमातली शेवटची आवृत्ती डिसेंबर २०२१ ची आहे. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तिच्या वाटेला जाऊ नये.

अपडेट कसं करायचं हे मात्र ती प्रत कशी आली त्यावर ठरतं. एकुलती एक्झी किंवा बायनरी (मॅक-लिनक्सवरची तशीच फाइल) असेल तर ‘डॅश कॅपिटल यू’ पुरतं. पिपनं टाकली असेल तर पिपनंच, मॅकवर होमब्रू या पॅकेज-इन्स्टॉलरनं टाकली असेल तर होमब्रूनंच. लिनक्सच्या स्वतःच्या सॉफ्टवेअर-भांडारातून आली असेल तर मोठी अडचण, कारण डेबियन स्टेबल किंवा उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या पॅकेजं मुद्दाम गोठवून ठेवतात. सर्व्हर चालवायला ते धोरण उत्तम. डाउनलोडरला ते मारक. मग माणूस पिपकडे वळतो आणि डेबियन १२ पासून ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा अडसर समोर येतो: सिस्टिमच्या पायथनमध्ये ढवळाढवळ नको, असं तो सांगत असतो. तो अडसर जबरदस्तीनं ओलांडायचा पर्याय त्याच निरोपात दिलेला असतो, पण तो वापरू नका. पिपएक्स त्याच कामासाठी आहे. ते प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी खोली देतं.

या भानगडीत एकाच संगणकावर दोन प्रती राहतात. तुम्ही एक अपडेट करता आणि चालते दुसरी. लिनक्स-मॅकवर ‘व्हिच डॅश ए’, कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव दिलं की सगळे पत्ते क्रमानं दिसतात. पहिला असतो तो चालतो. पत्ता बरोबर असूनही बॅश जुन्याच जागी जात असेल तर ‘हॅश डॅश आर’ द्या, त्याची आठवण पुसली जाते. मॅकवर जुळ्यांचं आणखी एक कारण असतं: होमब्रू इंटेलच्या मॅकवर युझर-लोकल फोल्डरमध्ये बसतं आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ऑप्ट-होमब्रूमध्ये. जुन्या मॅकचा बॅकअप नव्यावर उतरवला की दोन्ही नांदतात.

विंडोज ७ वर अजून कुणी असेल, तर तिथं एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ नावाची डीएलएल (विंडोजची मदतनीस फाइल) नसल्याची तक्रार दिसेल. अनोळखी साइटवरून ती डीएलएल आणून टाकू नका. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधारच संपला आहे. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

फाइल आणली आणि उघडतच नाही, हा वेगळा प्रकार. मॅकचा गेटकीपर इंटरनेटवरून आलेल्या बायनरीवर शिक्का मारतो आणि अडवतो. सिस्टिम सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी आणि सिक्युरिटीत जाऊन ‘ओपन एनीवे’ म्हणावं लागतं. लिनक्सवर चालवण्याची परवानगी स्वतः द्यावी लागते. विंडोजवर कधी अँटीव्हायरस एक्झी गायब करतो, कारण पायथनचे प्रोग्रॅम ज्या पद्धतीनं एका फाइलीत बांधतात तीच पद्धत व्हायरसवालेही वापरतात. फाइल अधिकृत जागेवरून घेतली असेल तरच अपवाद करा.

आवाज नाही, फाइल दोन

‘व्हिडिओ उतरला पण मुका आहे’ ही तक्रार ऐकली की फोल्डरमध्ये दोन फाइली असणार हे जवळपास नक्की. एकीच्या नावात एफ१३७ सारखा आकडा, दुसरीच्या नावात एफ२५१. यूट्यूबसारख्या साइट चांगल्या दर्जाचं चित्र आणि आवाज वेगवेगळे पाठवतात. ते जोडायला एफएफएमपेग मिळालं नाही की डाउनलोडर इशारा देतो आणि दोन्ही तुकडे तसेच सोडून देतो. विंडोजवर सोपा मार्ग म्हणजे एफएफएमपेग आणि एफएफप्रोब या दोन्ही एक्झी डाउनलोडरच्याच फोल्डरमध्ये ठेवणं. पिपमधून ‘एफएफएमपेग’ टाकून उपयोग नाही. ते त्याच नावाचं पायथनचं पॅकेज आहे, खरा प्रोग्रॅम नाही. लिनक्सवर एफएफएमपेग स्नॅप या बंदिस्त पॅकेजांच्या पद्धतीतून घेतलं असेल तर ते आपल्या कुंपणाबाहेर जात नाही. लपलेल्या फोल्डरमधली किंवा बाहेरच्या ड्राइव्हवरची फाइल त्याला दिसतच नाही, आणि दोष मात्र डाउनलोडरवर येतो.

जोडलेली फाइल मॅकच्या क्विकटाइममध्ये उघडत नसेल तर ती बिघडलेली नाही. वेबएम आणि एमकेव्ही क्विकटाइमला वाचता येत नाहीत. व्हीएलसीत ती चालेल. सगळीकडे चालणारी फाइल हवी असेल तर ‘डॅश टी एमपी४’ हा तयार पर्याय द्या. त्यात एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीला पसंती मिळते, आणि यूट्यूबवर तो १०८० पिक्सेलच्या वर मिळत नाही. फोरके हवं की सर्वत्र चालणारं, हे आधी ठरवायचं.

मराठी शीर्षकाची गोम

लिनक्सवर मराठी व्हिडिओ उतरवताना ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. त्याच वेळी इंग्रजी व्हिडिओ सरसर उतरतात. हा काही भाषेवरचा राग नाही, निव्वळ हिशोब आहे.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये एका फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंत असू शकतं. अक्षरं नव्हे, बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगवेगळे धरून. ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणक न, म, स, हलन्त, क, काना, र अशी सात चिन्हं मोजतो, म्हणजे २१ बाइट. २५५ मध्ये अशी ८५ चिन्हं बसतात. त्यातही डाउनलोडर शीर्षकापुढे चौकोनी कंसात व्हिडिओचा आयडी लावतो, त्याचे जागेसकट १४ बाइट. अर्धवट फाइलीला ‘एफ१३७’, ‘एमपी४’ आणि ‘पार्ट’ अशी शेपटं लागतात, त्यांचे आणखी १४. उरले २२७, म्हणजे साधारण ७५ चिन्हं. यूट्यूबवर शीर्षक १०० चिन्हांपर्यंत चालतं. इंग्रजी शीर्षक पूर्ण शंभर भरलं तरी आरामात मावतं. मराठी मावत नाही.

विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये मोजणी वेगळी. तिथं देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एकच एकक, म्हणून तोच व्हिडिओ त्याच नावानं विंडोजवर बिनबोभाट उतरतो. तिथला जुना त्रास निराळा: फोल्डरांसकट पूर्ण पत्त्यावर २६० अक्षरांची मर्यादा. फोल्डरात फोल्डर ठेवणाऱ्यांना ती गाठते.

उपाय म्हणून बरेच जण ‘रिस्ट्रिक्ट फाइलनेम्स’ सुचवतात. मराठीसाठी तो उपाय रोगापेक्षा वाईट आहे, कारण तो फक्त मूळ इंग्रजी अक्षरं ठेवतो, देवनागरी उडते आणि नावाच्या जागी रेघोट्या उरतात. त्याऐवजी नावाच्या साच्यात लांबीच बाइटांमध्ये बांधून द्या. टक्का आणि कंसातलं ‘टायटल’ लिहून झालं की नेहमीच्या ‘एस’ऐवजी टिंब, १५० आणि कॅपिटल बी. शीर्षक १५० बाइटांवर छाटलं जाईल. एखादं जोडाक्षर अर्ध्यात तुटलेलं दिसेल, पण फाइल मिळेल.

जाता जाता: कमांड प्रॉम्प्टमध्ये मराठी नावाच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका. फोल्डर उघडून पाहा. बहुतेकदा खिडकीच्या फॉन्टला देवनागरी येत नसते, फाइलचं नाव ठीक असतं. आणि डाउनलोड बरोबर ४ जीबीपाशी मोडत असेल, तर पेनड्राइव्हची फाइल सिस्टिम एफएटी३२ आहे. त्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही, मग जागा कितीही रिकामी असो.

कुकीज, आणि जिथं इलाज नाही

ब्राउझरमधून थेट कुकीज घेण्याचा पर्याय विंडोजवर क्रोमसोबत अडतो. क्रोम १२७ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, गूगलनं विंडोजवर कुकीजना असं कुलूप लावलं की ते क्रोमशिवाय दुसऱ्या प्रोग्रॅमला उघडता येऊ नये. ‘डीपीएपीआय’ हा शब्द असलेला एरर दिसला तर तेच समजा. फायरफॉक्समध्ये लॉगिन करून त्याच्या कुकीज घ्या. मॅकवर सफारीसाठी टर्मिनलला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ द्यावा लागतो. कुकीजची फाइल हाताशी असेल तर ती पासवर्डइतकीच जपा. ती ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचं खातं. आणि त्या खात्यावरून धडाधड डाउनलोड केलं तर साइट खातं बंद करू शकते.

एररमध्ये ४०३ दिसलं म्हणजे साइटनं दार लावलं. आधी अपडेट करून पाहा. ४२९ म्हणजे फार वेळा दार वाजवलंत, थांबा. ‘तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा’ हे भाड्याच्या सर्व्हरवर आणि व्हीपीएनवर जास्त येतं. सर्टिफिकेटची तक्रार असेल तर संगणकाचं घड्याळ आधी बघा. मॅकवर पायथन त्याच्या अधिकृत साइटवरून घेतलं असेल, तर पायथनच्या फोल्डरमधली ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ ही फाइल एकदा चालवायची असते. ती हमखास राहून जाते.

पैसे भरून पाहायच्या साइट डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, वापरतात. वायटी-डीएलपी तिथं हात लावत नाही, आणि तो दोष नाही, ठरवून ठेवलेली सीमा आहे. बाकी ठिकाणीही स्वतःचे व्हिडिओ, खुल्या परवान्याचं किंवा परवानगी असलेलं साहित्य इथवर थांबलेलं बरं. साइटच्या अटी आणि कायदा दोन्ही त्याच बाजूला आहेत.

साइट की आपला संगणक, हे ठरत नसेल तर विकिमीडिया कॉमन्सवरचा एखादा छोटा व्हिडिओ उतरवून पाहा. तो उतरला तर तुमची मांडणी ठीक आहे, भांडण त्या एका साइटशी आहे. तोही अडला तर पुन्हा ‘डॅश व्ही’च्या पहिल्या दहा ओळींकडे जा. आणि कुणाला मदत मागायची असेल तर स्क्रीनचा फोटो पाठवू नका. कमांडसकट सगळा मजकूर कॉपी करून द्या, त्यातलं तुमचं यूझरनेम तेवढं पुसून.